हवेच्या हत्यारांचे तेलपाणी

हुबळीतील गोकुळ रोडवर किंवा तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडवरून जाताना, अथवा पुणे–बंगळूर महामार्गावरील टायरच्या दुकानापाशी क्षणभर थांबले असता, टर्रर्र असा एक कर्कश आवाज कानी पडतो. कामगार त्या हत्याराला ‘गन’ म्हणतात. वस्तुतः तो हवेवर चालणारा एक पाना आहे. ट्रकच्या चाकाचे जे नट सोडविण्यासाठी पूर्वी लांब पान्यावर पाय देऊन उभे राहावे लागे, ते आज विशीतला एखादा तरुण चुटकीसरशी सोडवितो आणि पुढच्या चाकाकडे वळतो.

बेळगाव, खानापूर, हल्याळ या बाजूंनी हुबळी-धारवाडकडे कामासाठी गेलेल्या मुलांपैकी कित्येकांचे पोट अशा हत्यारांवर चालते. कोणी गॅरेजात आहे, कोणी फौंड्रीत ओतकामाचे बीड घासतो, कोणी चार पैसे जमवून रस्त्याच्या कडेला स्वतःचे टायरचे दुकान थाटले आहे. ज्या खेड्यात कारखान्याचे धुराडे कधी दिसले नाही, तेथेही उन्हाळ्यात विहिरीचा तळ खोल करावयाचा झाला की ट्रॅक्टरवर बसविलेला कॉम्प्रेसर येतो आणि त्याच्या नळीला जोडलेला हातोडा काळ्या खडकाला भोके पाडू लागतो. ही हत्यारे स्वस्त नसतात. पुष्कळदा ती कर्ज काढून घेतलेली असतात. आणि ती लवकर निकामी होतात, अशी तक्रार जिकडेतिकडे ऐकू येते.

निकामी झाले की माल खोटा निघाला, असे म्हणून विकणाऱ्यास दोष दिला जातो. कधी ते खरेही असेल. परंतु असे हत्यार उघडून पाहिले, तर आत बहुधा दोनच गोष्टी आढळतात. एक गंज आणि दुसरा कोरडेपणा. कामाने हत्यार जितके झिजते, त्याहून अधिक ते तेलाच्या अभावी आणि पाण्याच्या संगतीने झिजते. आपल्या भाषेत यंत्राच्या निगराणीला ‘तेलपाणी करणे’ असा एक छान शब्द आहे. हवेच्या हत्याराच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ थोडा निराळा घ्यावा लागतो. तेल घालावयाचे आणि पाणी काढावयाचे.

हवेकडून काम करून घेण्याची कल्पना फार नवी नाही. फ्रान्स व इटली यांच्यामधील आल्प्स पर्वतातून आगगाडीसाठी बारा किलोमीटरांहून लांब असा बोगदा खोदण्याचे काम १८५७ साली सुरू झाले. सुरुंगाची भोके हाताने पाडीत गेल्यास या कामात एक पिढी खर्ची पडेल, अशी भीती होती. जर्मेन सोमेये या एंजिनियरांनी १८६१ पासून तेथे दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे लावली. डिसेंबर १८७० मध्ये दोन्हीकडचे खोदकाम एकमेकांस भिडले व पुढच्या वर्षी बोगदा खुला झाला. तो समारंभ पाहण्यास सोमेये मात्र हयात नव्हते. काही आठवड्यांपूर्वीच त्यांचे देहावसान झाले होते. या बोगद्याची हकीकत वाचूनच अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांना आगगाडीच्या हवेच्या ब्रेकची कल्पना सुचली, असे सांगतात. त्यांचे पहिले पेटंट १८६९ सालचे आहे.

हुबळीला हवेचा हा धंदा आगगाडीनेच आणला. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली निघाली. तिची मुख्य कचेरी धारवाडास होती आणि मोठा कारखाना १८८५ च्या सुमारास हुबळीस उभा राहिला. वाफेच्या एंजिनांच्या काळात अशा कारखान्यांत बॉयलरचे रिव्हेट ठोकणे, पत्र्याच्या कडा छिनणे ही कामे हवेच्या हातोड्यांनी होऊ लागली. हुबळीच्या कारखान्यात आज वाफेचे एंजिन नाही. प्रवासी डब्यांची दुरुस्ती होते, आणि त्या डब्यांचे ब्रेक हवेवरच चालतात. पुढे आपल्याकडेही हवेची यंत्रे बनू लागली. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यांच्याच घराण्याने १९५८ साली पुण्यात किर्लोस्कर न्युमॅटिक ही कंपनी स्थापिली.

येथे हिशेबी वाचक विचारील, की हवा स्वस्त म्हणून तिचा एवढा प्रसार झाला काय? मुळीच नाही. हवा फुकट असली तरी दाबलेली हवा फार महाग. हत्याराच्या टोकाशी एक अश्वशक्ती मिळवावयाची तर कॉम्प्रेसरला सात-आठ अश्वशक्तीची वीज द्यावी लागते. बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. असे असूनही कारखानदार ती वापरतात, कारण हवेचे हत्यार विजेच्या हत्याराहून हलके असते, ओल्या जागी विजेचा धक्का देत नाही, आणि नट अडकून जागीच थांबले तरी जळत नाही. जे हत्यार इतके सोसते, त्याला काहीच लागत नाही असा समज होणे स्वाभाविक आहे. चूक नेमकी तेथेच होते.

गनच्या पोटात काय असते ते पाहू. आत पोलादाची एक नळकांडी असते आणि तिच्यात किंचित एका बाजूला बसविलेला एक गोल दांडा फिरतो. त्या दांड्याला उभ्या खाचा असून प्रत्येक खाचेत एक पातळ पाते सैल बसविलेले असते. ही पाती धातूची नसून बहुधा राळ व कापड दाबून केलेली असतात. हवा आत शिरली की ती पात्यांना ढकलते, दांडा मिनिटाला हजारो फेरे घेऊ लागतो आणि पाती बाहेर सरकून नळकांडीच्या भिंतीला घासत जातात. पुढे हातोडीचा एक निराळा भाग असतो. तो या फिरण्याचे ठोक्यांत रूपांतर करतो.

आता ही पाती कोरड्या भिंतीवर घासत राहिली तर काय होईल, हे सुताराच्या रंध्याचे पाते पाहिलेल्या माणसाला सांगावयास नको. तेलाचा जो अत्यंत पातळ थर भिंतीवर असतो, तो तीन कामे करतो. घर्षण कमी करतो, पाते व भिंत यांच्यातील फट बुजवून हवा निसटू देत नाही, आणि पोलादाला पाणी लागू देत नाही. तेल संपले की पहिल्याने जोर कमी होतो. मुलाला वाटते की हवा कमी पडते, म्हणून तो कॉम्प्रेसरचा दाब वाढवितो. दाब वाढला की कोरडी पाती अधिकच वेगाने घासतात. दाब वाढवून बिघडलेले हत्यार चालविणे म्हणजे लंगड्या बैलाला चाबूक मारणे होय. बहुतेक हत्यारे चौरस इंचाला ९० पौंड दाबासाठी बनविलेली असतात. नळी फार लांब किंवा बारीक असेल तर टाकीवरचा काटा पुरेसा दाब दाखवीत असूनही हत्यारापाशी तो पोचत नाही. यास्तव काटा पाहण्याआधी नळी पाहावी.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. कोरड्या दिसणाऱ्या हवेतून एवढे पाणी येते कोठून, असा प्रश्न पडतो. सायकलचा पंप मारताना तो हाताला गरम लागतो, हा अनुभव सर्वांस आहे. हवा दाबली की तापते. साध्या एका टप्प्याच्या कॉम्प्रेसरमध्ये ती १५० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ही तापलेली हवा टाकीत येऊन निवते, आणि निवताना तिच्यातील वाफेचे पाणी होते. सकाळच्या गारव्याने गवतावर दव पडते, तोच हा प्रकार; फरक इतकाच की दाबल्यामुळे आठ घागरींची हवा एका घागरीत कोंबलेली असते. आठ घागरींची वाफ एका घागरीत मावत नाही, आणि जी मावत नाही तिचे पाणी होऊन ते तळाशी साठते.

थोडा हिशेब करू. जुलै महिन्यात हवेचे तापमान २५ अंश आणि दमटपणा शेकडा ८५ धरला, तर एक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम वाफ असते. ती सात वातावरणांच्या दाबाने टाकीत भरून पुन्हा निवाली, की त्यांपैकी जेमतेम ३ ग्रॅम वाफेच्या रूपात राहते. उरलेल्या १६-१७ ग्रॅमांचे पाणी होते. लहान दुकानातला कॉम्प्रेसर दिवसभरात ६० घनमीटर हवा सहज ओढतो. म्हणजे रोज सुमारे एक लिटर पाणी! हे पाणी रोज सोडले नाही, तर आठवड्याभरात टाकीत अर्धी घागर पाणी साठेल. मग दर खेपेस हवेबरोबर ते नळीतून हत्याराच्या पोटात जाईल. पाती फुगतात, खाचांत अडकतात, आणि पोलाद गंजते. सोमवारी सकाळी गन फिरेनाशी झाली, तर शनिवारी संध्याकाळी आत राहिलेले पाणीच बहुधा त्यास कारण असते.

हुबळी व धारवाड ही शहरे एकमेकांस लागून असली तरी त्यांचे हवामान अगदी एक नाही. धारवाड घाटाकडे झुकलेले, अधिक ओलसर. हुबळीच्या पूर्वेस काळ्या मातीचा कोरडा मुलूख सुरू होतो. खानापूर-लोंढ्याच्या रानात पावसाळ्यात हवाच पिळून पाणी काढावे अशी स्थिती असते. म्हणून जो घाटाजवळ आहे त्याने तोटी दिवसातून दोनदा उघडावी, आणि जो मैदानात आहे त्याने उन्हाळ्यात धुळीची अधिक काळजी घ्यावी. कॉम्प्रेसर ज्या गाळणीतून हवा ओढतो ती काळ्या मातीच्या धुळीने तुंबली की यंत्र दमते आणि अधिक तापते. गाळणी काढून झटकण्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

टाकीचे पाणी सोडण्याची तोटी अगदी तळाशी असते. तेथवर वाकणे मुलांच्या जिवावर येते, हे आम्ही जाणतो. परंतु येथे प्रश्न केवळ हत्याराचा नाही. तळाशी साठलेले पाणी टाकीच्या पत्र्याला आतून खाते. बाहेरून रंग ताजा आहे, टाकी नव्यासारखी दिसते, आणि आत पत्रा कागदासारखा होत चालला आहे, हे कोणास कळणार? दोनशे लिटरची टाकी सात वातावरणांच्या दाबाने भरलेली असता तिच्यात एक टन वजन तीन मजले उंच उचलण्याइतकी शक्ती कोंडलेली असते. ती टाकी फुटली तर जवळ उभ्या असलेल्या माणसाची काय गत होईल हे सांगण्याची गरज नाही. अशा अपघातांत माणसे दगावलेली आहेत. १९४८ साली कारखाना कायदा झाला, तेव्हा त्याच्या ३१व्या कलमात दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांची तरतूद मुद्दाम घातली गेली, ती उगाच नव्हे. रस्त्याकडेच्या दुकानात मात्र तपासनीस क्वचितच येतो. तेथे मालकाने स्वतःच तपासनीस व्हावे. टाकीतून लाल किटणाचे पाणी येऊ लागले, तळाशी ओल पाझरताना दिसली, किंवा डागडुजी केलेली जुनी टाकी स्वस्तात मिळत असली, तर तिच्या पाण्याच्या दाबाची चाचणी जाणत्याकडून करून घ्यावी. गळती वेल्डिंगने बुजवून पुन्हा दाब भरणारा मेस्त्री कितीही हुशार असो, त्याचे ऐकू नये. सुरक्षा-झडपेची कडी महिन्यातून एकदा ओढून ती मोकळी आहे ना हे पाहावे. झडपेतून हवा सुटते म्हणून तिला तारेने आवळून ठेवणारे महाभाग आहेत. त्यांच्या दुकानात आपल्या मुलाला काम करू देऊ नये, एवढेच आम्ही म्हणतो.

आता तेलाकडे वळू. तेल कोणते? हवेच्या हत्यारांसाठी म्हणून जे पातळ तेल मिळते तेच उत्तम. ते न मिळाल्यास पातळ स्पिंडल ऑईल चालते. डब्यावर २२ किंवा ३२ असा अंक पाहून घ्यावा. ट्रकच्या एंजिनाचे तेल घालू नये. ते दाट असते आणि पाती खाचांत चिकटवते. एंजिनातून काढलेले जळके तेल तर काजळीने भरलेले असते. ते फुकट मिळते म्हणून वापरणे म्हणजे हत्याराला वाळू चारणे होय. खोबरेल किंवा गोडे तेल काही दिवसांत राळेसारखे चिकट होते, म्हणून घरातील बाटलीकडेही हात जाऊ नये. विहिरीवरच्या खडक फोडणाऱ्या हातोड्याची गोष्ट वेगळी. त्यातील दट्ट्या वर-खाली आपटतो व जोराने तापतो, म्हणून त्याला अधिक दाट असे खास तेल लागते. गनच्या पुढच्या हातोडीच्या भागाला तेल नव्हे, तर बहुधा ग्रीस लागते, आणि तेही थोडेच. आणि कॉम्प्रेसरच्या स्वतःच्या पोटातील तेल हे आणखी तिसरेच. ही तेले एकमेकांच्या जागी घालू नयेत. कॉम्प्रेसरमध्ये नको ते किंवा नको तितके तेल घातले, तर ते तापलेल्या झडपांवर जळून कोळशासारखे साठते, आणि त्याने नळीत आग लागल्याचीही उदाहरणे आहेत.

तेल किती? येथे उदारपणा कामाचा नाही. नळीच्या मार्गात तेलाची कुपी बसविलेली असेल, तर तिच्या काचेतून थेंब पडताना दिसतो. लहान हत्याराला मिनिटाला एक-दोन थेंब पुरतात. ही कुपी टाकीजवळ न बसविता हत्याराजवळ, चार-पाच मीटरांच्या आत बसवावी. लांब नळीत तेल वाटेतच भिंतीला चिकटून राहते. तिच्या आधी पाण्याची गाळणी असावी, नंतर दाब राखणारी झडप, आणि शेवटी कुपी. हा क्रम उलटा केला तर तेल गाळणीतच अडकून बसते.

कुपी नसेल तर हात आहेतच. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी नळी हत्याराला जोडण्याआधी जमिनीकडे धरून क्षणभर सोडावी, म्हणजे आतील पाणी व कचरा निघून जातो. मग हत्याराच्या हवेच्या तोंडात चार-पाच थेंब टाकून ते काही सेकंद मोकळे चालवावे. दुपारी पुन्हा तसेच. संध्याकाळचे तेल मात्र सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच नेमके विसरले जाते. काम संपल्यावर घातलेले तेल रात्रभर पोलादावर पांघरुणासारखे राहते. तेल पुरेसे आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. हत्यार चालू ठेवून त्याच्या श्वास सोडण्याच्या तोंडासमोर पांढरा कागद धरावा. कागदावर फिकट तेलकट डाग उमटला तर ठीक. कागद कोरडा राहिला तर तेल कमी, आणि तेलाने भिजला तर जास्त. जास्त तेल अखेर कामगाराच्या नाकातोंडात जाते, हे लक्षात ठेवावे.

तेल सर्वत्र हिताचे असेही नाही. मोटारीला रंग मारण्याच्या पिचकारीला तेलाचा एक कणही चालत नाही. रंगावर माशाच्या डोळ्यासारखे ठिपके पडतात. म्हणून ज्या नळीवर तेलाची कुपी आहे, ती नळी रंगकामाला कधीही लावू नये. तेल एकदा नळीत मुरले की सहज निघत नाही. रंगासाठी वेगळी नळी ठेवावी आणि तिच्यावर रंगाचा पट्टा मारून ठेवावा.

गळतीविषयी थोडक्यात. नळीच्या सांध्यात तीन मिलिमीटरचे भोक असले तर पाच अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरची जवळजवळ सारी हवा त्यातूनच निघून जाते. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. विजेचे बिल हातात आल्यावर सुस्कारा सोडण्यापेक्षा हे बरे.

अंगावरची धूळ हवेने उडविण्याची तरुण कामगारांना मोठी हौस असते, आणि त्याहून वाईट म्हणजे थट्टेने एकमेकांच्या अंगावर नळी रोखतात. दाबलेली हवा जखमेतून कातडीखाली शिरते, डोळा फोडते, कानाचा पडदा फाडते. शरीराच्या पोकळीत शिरल्यास आतडे फाटून माणूस मरतो. थट्टेत अशी मरणे घडलेली आहेत. ज्या घरात अशा कामावर जाणारा मुलगा असेल, तेथे हे स्पष्ट शब्दांत सांगावे. संकोच करण्याचा हा विषय नव्हे.

शेवटी, पाणी लागून अडकलेल्या गनविषयी. तिला हातोडीने ठोकू नये. हवेची नळी काढावी, आत थोडे रॉकेल किंवा टर्पेंटाईनसारखे पातळ द्रव्य ओतावे आणि पुढचा दांडा पान्याने धरून हळूहळू दोन्ही दिशांना फिरवावा. दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे व पुन्हा फिरवावे. मोकळी झाली की तोंड जमिनीकडे करून सारे द्रव्य निथळू द्यावे. आसपास विडी-काडी किंवा वेल्डिंग चालू नसावे. मग थोड्या दाबाने, श्वासाच्या तोंडावर फडके धरून, काही सेकंद चालवावी. आधी तांबूस पाणी येईल, नंतर काळसर, नंतर स्वच्छ. स्वच्छ येऊ लागल्यावर लगेच तेल घालावे, कारण रॉकेलाने धुतलेले पोलाद उघडे पडलेले असते आणि त्याच रात्री पुन्हा गंजू लागते. इतके करूनही जोर आला नाही तर पाती झिजली असे समजावे. पात्यांचा संच बहुतेक हत्यारांना वेगळा मिळतो आणि नव्या गनच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो. पाती बदलताना नळकांडीच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहावे. भिंत गुळगुळीत लागली तर हत्यार आणखी काही वर्षे चालेल. बोटाला ओरखडे लागले तर नवी पातीही लवकरच खाल्ली जातील, आणि मग नळकांडीच बदलावी लागेल.